ब्राउझर अपडेट करायचा म्हणजे नक्की काय करायचं? कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

कॉम्प्युटरचे क्लास घेताना आणि ओळखीच्यांची मशीन बघताना जे प्रश्न सतत कानावर येतात, ते इथं एकत्र केलेत. विचारणाऱ्यांत महाद्वार रोडवरचे दुकानदार आहेत, उद्यमनगरातल्या फौंड्रीत बिलं काढणारी पोरं आहेत, दाखले आणि सातबारा काढून देणारे सेवा केंद्रचालक आहेत, मोबाईलवर लाईट बिल भरणाऱ्या मावश्याही आहेत. ब्राउझर म्हणजे ज्यातून तुम्ही इंटरनेट उघडता ते क्रोम, एज, फायरफॉक्स किंवा सफारी. आज बँक, जीएसटी, शाळेचा प्रवेश, दवाखान्याचा रिपोर्ट सगळं त्यातूनच जातं, म्हणून हा विषय मला फार जवळचा वाटतो. घाईत असाल तर पहिले दोन प्रश्न वाचा आणि समोरचं मशीन लगेच तपासा. बाकीचं सवडीनं वाचलं तरी चालेल.

मॅडम, क्रोमच्या वरच्या कोपऱ्यात 'रीलाँच टू अपडेट' असं आलंय. दाबू काय?

दाबा. ती खूण आली याचा अर्थ नवीन आवृत्ती तुमच्या मशीनवर उतरून बसलेली आहे. फक्त जुना क्रोम चालू असल्यामुळं तिला जागा मिळत नाही. तुम्ही क्रोम बंद करून पुन्हा उघडेपर्यंत जुन्याच, सुरक्षेत भोक असलेल्या आवृत्तीवर काम चालू असतं.

काही मशीनवर शब्दांऐवजी नुसता रंग दिसतो. हिरवा म्हणजे अपडेट येऊन दोन दिवसही झालेले नाहीत, केशरी म्हणजे चारेक दिवस, आणि लाल म्हणजे निदान आठवडा उलटला. सेवा केंद्रांत मला बहुतेक वेळा लालच दिसतो. समोर रांग लागलेली असते, प्रत्येकाला दाखला आजच हवा असतो, आणि ते बटण 'नंतर बघू' म्हणून राहून जातं. त्यांची अडचण मला कळते. पण एक मिनिटाचं काम आहे, आणि त्याच मशीनवर दिवसभर लोकांचे आधार क्रमांक आणि ओटीपी टाकले जातात.

दाबण्याआधी एकच बघा. अर्धा भरलेला फॉर्म असेल तर तो आधी सबमिट करा किंवा ड्राफ्ट सेव्ह करा. उघडे टॅब रीलाँचनंतर परत येतात, पण टॅबमध्ये टाइप करून ठेवलेला मजकूर परत येईलच असं नाही. इन्कॉग्निटोमध्ये (खासगी खिडकीत) उघडलेलं मात्र काहीच परत येत नाही. पैसे भरण्याच्या पानावर असाल तर व्यवहार पूर्ण होऊन पावती हातात येऊ द्या, मग दाबा.

खूण काहीच दिसत नाही. मग माझा ब्राउझर अपडेट आहे असं समजायचं काय?

समजू नका, बघा. क्रोममध्ये उजवीकडं वर तीन टिंबं आहेत. त्यावर क्लिक करून खाली 'हेल्प' आणि मग 'अबाउट गूगल क्रोम' उघडा. हे पान उघडलं की क्रोम तिथल्या तिथं कंपनीच्या सर्व्हरला विचारतो की नवीन काही आहे का. एक छोटं वर्तुळ फिरतं, असेल तर टक्के वाढत जाताना दिसतात, आणि शेवटी 'रीलाँच' बटण येतं. नवीन काही नसेल तर निळी बरोबरची खूण येते.

एजमध्येही तीन टिंबं. तिथं 'हेल्प अँड फीडबॅक' आणि मग 'अबाउट मायक्रोसॉफ्ट एज'. फायरफॉक्समध्ये तीन आडव्या रेघा, 'हेल्प', 'अबाउट फायरफॉक्स'. तिथल्या बटणावर 'रीस्टार्ट टू अपडेट फायरफॉक्स' लिहिलेलं असतं.

त्याच पानावर आवृत्तीचा क्रमांक दिसतो, उदाहरणार्थ ११६.०.५८४५.१८७. पहिला आकडा मुख्य आवृत्तीचा. लोक तेवढाच बघतात आणि 'माझ्याकडं ११६ आहे, झालं' म्हणतात. सुरक्षेची दुरुस्ती पुष्कळदा शेवटच्या आकड्यात असते. त्याच मालिकेतला कमी शेवटचा आकडा असलेला क्रोम आणि १८७ वाला क्रोम वरून सारखेच दिसतात, पण त्यांच्यात किती फरक होता ते खाली एका प्रश्नात सांगितलंय.

ब्राउझर आपोआप अपडेट होतो म्हणतात की. मग आपण कशाला डोकं घालायचं?

आपोआप होतं ते डाउनलोड. बंद करून उघडणं तुमच्याच हातात राहतं.

पूर्वी लोक संध्याकाळी कॉम्प्युटर शटडाऊन करून घरी जायचे, त्यामुळं रोज सकाळी नवा ब्राउझर उघडायचा. आता लॅपटॉपचं झाकण मिटतात आणि सकाळी उघडतात. मशीन झोपेतून उठतं, ब्राउझर कालचाच असतो. असं आठवडेच्या आठवडे चालतं. क्रोमला एक सवय अशी की सगळ्या खिडक्या बंद केल्या तरी काही मशीनवर तो मागं चालूच राहतो. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' या भागात बॅकग्राउंड ॲप चालू ठेवण्याचा पर्याय असतो. तो बंद केला की खिडकी मिटल्यावर क्रोम खरंच बंद होतो.

दर आठवड्याला अपडेट? एवढं काय बिघडतं त्यात?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी नीट बसवून सांगते, कारण एकदा हे कळलं की मग मागं लागावं लागत नाही.

ब्राउझर हा लाखो ओळींचा प्रोग्रॅम आहे आणि त्याचा मोठा भाग सी++ या भाषेत लिहिलेला आहे. या भाषेत मेमरी कुठं घ्यायची आणि कधी सोडायची याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर असते. एखादी जागा सोडून दिल्यावर प्रोग्रॅमनं चुकून पुन्हा तीच वापरली, तर हल्लेखोर त्या जागेत आपलं काहीतरी सरकवून ठेवू शकतो. क्रोम ज्यावर उभा आहे त्या क्रोमियम प्रकल्पानं २०२० मध्ये सांगितलं होतं की त्यांच्याकडच्या गंभीर सुरक्षा दोषांपैकी साधारण ७० टक्के दोष मेमरीच्या अशाच चुकांमुळं होते. जगभरचे संशोधक हे दोष शोधतात, कंपनीला कळवतात, त्याबद्दल बक्षीस मिळवतात.

आता खरी गंमत पुढं आहे. क्रोमियमचा कोड कुणालाही वाचायला खुला आहे. दोष दुरुस्त केला की ती दुरुस्तीही सगळ्यांना दिसते, म्हणजे गल्लीत कुणाच्या दाराची कडी मोडली आहे याची दवंडी पिटल्यासारखंच होतं. दुरुस्ती कोडमध्ये गेली, पण तुमच्या मशीनपर्यंत पोचली नाही, या मधल्या काळात चोराला आयता पत्ता मिळतो. २०१९ च्या सुमारापर्यंत क्रोममध्ये हा मधला काळ सरासरी ३५ दिवसांचा होता. मग त्यांनी दोन आठवड्यांनी सुरक्षा अपडेट द्यायला सुरुवात केली आणि तो १५ दिवसांवर आला. ऑगस्ट २०२३ मध्ये, ११६ व्या आवृत्तीपासून, तो आणखी कमी करायला दर आठवड्याला अपडेट सुरू झालं. शिवाय मोठी नवीन आवृत्ती २०२१ मध्ये दर चार आठवड्यांनी यायला लागली.

म्हणजे तिकडं एवढी माणसं एकेक दिवस वाचवायला धडपडतात, आणि इकडं आपण लाल बटण महिनाभर तसंच ठेवतो. मला याचं खरंच वाईट वाटतं.

मी फक्त बँक, जीएसटी आणि यूट्यूब बघतो. वाईट साइटवर जातच नाही. मला कोण हॅक करणार?

सप्टेंबर २०२३ ची गोष्ट सांगते. वेबपी नावाचा चित्रांचा एक प्रकार आहे. वेबसाइटवर दिसणारे कितीतरी फोटो याच प्रकारात असतात. हे चित्र उलगडून दाखवणाऱ्या कोडमध्ये एक दोष सापडला. ॲपलची सुरक्षा टीम आणि टोरांटो विद्यापीठातली सिटिझन लॅब यांनी तो ६ सप्टेंबरला गूगलला कळवला. ११ सप्टेंबरला क्रोमची दुरुस्ती आली, तीच ती १८७ ने संपणारी आवृत्ती. दुसऱ्या दिवशी फायरफॉक्सनं ११७.०.१ आणली. गूगलनं तेव्हा स्पष्ट लिहिलं होतं की या दोषाचा प्रत्यक्ष गैरवापर चालू आहे.

यात वापरणाऱ्यानं काय करायचं होतं? काही नाही. फाइल डाउनलोड करायची नव्हती, 'ओके' दाबायचं नव्हतं. मुद्दाम बनवलेलं चित्र असलेलं पान उघडलं की झालं. असं चित्र जाहिरातीतून येऊ शकतं, एरवी चांगल्या असलेल्या पण कुणीतरी फोडलेल्या साइटवरूनही येऊ शकतं. त्यामुळं 'मी वाईट साइटवर जात नाही' हे चांगलंच आहे, पण तेवढं पुरत नाही.

आणि 'मला कोण हॅक करणार' याबद्दल एवढंच सांगते, की असे हल्ले माणूस बघून होतातच असं नाही. एकदा दोष सगळ्यांना माहीत झाला की जाळं टाकलं जातं आणि जुनी आवृत्ती असलेलं जे मशीन येईल ते अडकतं. गुजरीतल्या पेढीचा कॉम्प्युटर असो नाहीतर शाळेतल्या पोराचा.

एका साइटवर मोठ्या अक्षरात 'तुमचा क्रोम जुना झालाय, इथून अपडेट करा' आलं. केलं तर चालेल काय?

अजिबात नाही. या पानावरचं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: वेबसाइट कधीही ब्राउझर अपडेट करून देत नाही. अपडेट ब्राउझरच्या स्वतःच्या मेनूतून येतं, नाहीतर मोबाईलच्या ॲप स्टोअरमधून.

खोट्या अपडेटचा हा धंदा जुना आहे. सॉकघोलिश नावाचा घातक प्रोग्रॅम पसरवणारी टोळी कित्येक वर्षं हेच करत आली आहे. चांगल्या, खऱ्या साइट फोडायच्या, त्यात थोडा कोड घुसवायचा, आणि येणाऱ्यांपैकी काहींना क्रोमचा लोगो असलेलं हुबेहूब पान दाखवायचं. तुमच्याकडं फायरफॉक्स असेल तर फायरफॉक्सचा लोगो. 'अपडेट' दाबलं की एक झिप किंवा जेएस फाइल उतरते. ती उघडली की मशीन दुसऱ्याच्या ताब्यात जातं. खऱ्या क्रोमचं अपडेट डाउनलोडच्या यादीत फाइल म्हणून कधीच येत नाही, ही एक सोपी ओळख.

२०२४ पासून याचीच दुसरी तऱ्हा खूप पसरली आहे, आणि ती जास्त धोक्याची वाटते, कारण तिच्यात आपल्याच हातानं काम करून घेतात. पानावर येतं की 'पान नीट दिसत नाही' किंवा 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा'. खाली पायऱ्या दिलेल्या असतात: विंडोजची की आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. त्या पानानं तुमच्या नकळत एक कमांड (मशीनला द्यायचा हुकूम) आधीच कॉपी करून ठेवलेली असते. तुम्ही ती पेस्ट करून स्वतःच चालवता. अँटीव्हायरसला वाटतं मालकानंच सांगितलंय. जगातली कुठलीही खरी वेबसाइट तुम्हाला विंडोजची की आणि आर दाबायला सांगणार नाही. तुमच्या दुकानातल्या पोराला, काउंटरवरच्या ताईंना हे आजच सांगा.

दाबलं गेलंय. आता काय?

घाबरून कुणाला सांगायचं टाळू नका. आधी मशीनचं इंटरनेट तोडा, वायर काढा किंवा वायफाय बंद करा. त्याच मशीनवरून पासवर्ड बदलत बसू नका. दुसऱ्या, चांगल्या फोनवरून बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदला, बँकेला फोन करा. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला लगेच फोन लावा. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पुढं फिरलेली रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते. मग मशीन जाणकाराकडं न्या. नुसती फाइल डिलीट करून पुन्हा बिलं काढायला बसू नका.

व्हॉट्सॲपवर 'क्रोम वापरणाऱ्यांना सरकारचा इशारा' असं फिरतंय. खरं असतं काय?

मुळातली गोष्ट बहुतेक वेळा खरी असते. आपल्या देशात सर्ट-इन ही संस्था २००४ पासून सायबर धोक्यांवर लक्ष ठेवायचं काम करते. ती केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि आयटी मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. क्रोम, फायरफॉक्स, विंडोज, अँड्रॉइड यांत गंभीर दोष जाहीर झाला की ती सूचना काढते. त्यात अमुक क्रमांकाच्या आधीच्या आवृत्त्यांना धोका आहे असं लिहिलेलं असतं आणि उपाय म्हणून अपडेट करायला सांगितलेलं असतं. वर्षभरात अशा सूचना अनेकदा निघतात, कारण दोष अनेकदा सापडतात.

पुढं पाठवताना लोक त्याला तिखटमीठ लावतात आणि 'क्रोम ताबडतोब काढून टाका' असं काहीतरी होतं. काढून टाकायची गरज नाही. दुसऱ्या प्रश्नात सांगितलं तसं आवृत्तीचं पान उघडा, अपडेट करा, संपलं. मेसेजमध्ये लिंक असेल तर तिच्यावर मात्र क्लिक करू नका. आणि सोबत एपीके फाइल (फोनवर ॲप बसवणारी फाइल) आली असेल, 'आरटीओ चलन' म्हणून, लग्नाची पत्रिका म्हणून किंवा 'क्रोम अपडेट' म्हणून, तर ती उघडायचीच नाही. पाठवणारा ओळखीचा असला तरी नाही, कारण पुष्कळदा त्याचाच फोन आधी ताब्यात गेलेला असतो.

मोबाईलवर कसं करायचं?

अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर दाबा, 'मॅनेज ॲप्स अँड डिव्हाइस' मध्ये जा. तिथं थकलेल्या अपडेटची यादी दिसते. निदान दोन नावं शोधा: एक क्रोम, दुसरं 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू'. दुसरं नाव कुणाच्या लक्षात नसतं. बातम्यांचं, खरेदीचं, कुठल्याही सेवेचं ॲप आतल्या आत वेब पान दाखवतं तेव्हा बहुधा तेच वापरलं जातं.

आपल्याकडं एक अडचण खास आहे. प्ले स्टोअरमध्ये ॲप आपोआप अपडेट करण्याची सोय बहुतेक फोनवर 'फक्त वायफायवर' अशी लावलेली असते. शहरात घरोघरी वायफाय झालं, पण करवीर, पन्हाळा, राधानगरीच्या गावांत पुष्कळांच्या फोनला वायफाय कधी लागतच नाही. सगळं मोबाईल डेटावर चालतं. मग महिनोन्महिने एकही ॲप अपडेट होत नाही आणि फोन मात्र चांगला चालतोय असं वाटतं. अशांनी प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क प्रेफरन्सेस' उघडून 'ऑटो-अपडेट ॲप्स' ला कुठल्याही नेटवर्कची परवानगी द्यावी. डेटाची काळजी वाटत असेल तर निदान क्रोम आणि वेबव्ह्यू हातानं अपडेट करावेत, रात्री दिवसाचा डेटा शिल्लक असतो तेव्हा.

फोनच फार जुना असेल तर प्ले स्टोअर अपडेट दाखवतच नाही. क्रोमनं १२० व्या आवृत्तीपासून अँड्रॉइड ७ सोडलं, आणि १३९ पासून, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टपासून, अँड्रॉइड १० किंवा पुढचं लागतं. अँड्रॉइड ८ किंवा ९ चा फोन गाणी ऐकायला, अलार्मला ठेवा. त्यावरून बँक करू नका.

आयफोनचं वेगळं. आपल्याकडं आयफोनवरचा क्रोम आणि फायरफॉक्ससुद्धा आतून ॲपलचंच वेबकिट इंजिन, म्हणजे पान उघडून दाखवणारा भाग, वापरतात. म्हणून खरी दुरुस्ती आयओएसच्या अपडेटमधून येते. सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट. मॅकवरचा सफारीही असाच सिस्टिम अपडेटमधून येतो.

आमच्या वर्कशॉपमधलं मशीन विंडोज ७ चं आहे. क्रोम चालतोय की, मग काय अडलं?

चालतोय, पण तो थांबलेला आहे. विंडोज ७ आणि ८.१ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. त्यानंतरची एकही दुरुस्ती तुमच्या मशीनला मिळालेली नाही. वर सांगितलेली वेबपीची दुरुस्तीही त्यानंतरची. विंडोज ७ चा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० लाच काढून घेतला आहे. फायरफॉक्सनं ११५ ईएसआर ही एक लांब चालणारी मालिका जुन्या विंडोजसाठी बरीच पुढं नेली, पण तीही तात्पुरती सोय.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत अशी मशीन का टिकून आहेत हे मला माहीत आहे. सीएनसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्राचं) किंवा टेस्टिंगचं सॉफ्टवेअर त्याच विंडोजवर चालतं आणि नवीन घ्यायचं तर खर्च मोठा. ते मशीन फेका असं मी कधीच म्हणत नाही. त्याचं इंटरनेट काढा. ड्रॉइंग दुसऱ्या, अपडेट असलेल्या मशीनवर उतरवा, पेन ड्राइव्ह स्कॅन करा आणि मग इकडं आणा. ईमेल, बँक, ई-वे बिल हे सगळं त्या दुसऱ्या मशीनवर. साधं सेकंडहँड मशीनही या कामाला पुरतं.

विंडोज १० चं काय?

त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरच्या वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं एक वर्षाची वाढीव सोय ठेवली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. ती आपोआप लागू होत नाही, विंडोज अपडेटमध्ये जाऊन नोंदणी करावी लागते. एज मात्र विंडोज १० वर निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट होत राहील असं कंपनीनं सांगितलंय. ब्राउझर ताजा आणि खालचं विंडोज शिळं, हे पूर्ण संरक्षण नव्हे. पण दोन्ही शिळं असण्यापेक्षा बरं.

अपडेट करायला गेलं की एरर येते.

आधी खाली उजवीकडचं घड्याळ बघा. हसू नका, जुन्या डेस्कटॉपमध्ये हेच कारण मला सगळ्यात जास्त सापडतं. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, तीन व्होल्टचा. तो संपला की मशीन बंद केल्यावर तारीख विसरतं आणि सकाळी कितीतरी वर्षं मागं जाऊन उठतं. सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चालतं. मशीनच्या हिशोबानं ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं, म्हणून ब्राउझर ती साइट उघडत नाही आणि अपडेटच्या सर्व्हरशीही बोलत नाही. 'युअर क्लॉक इज बिहाइंड' असा मेसेज येतो तो याचाच. सेल स्वस्तात मिळतो. मशीन बंद करून, वायर काढून तो बदला, तारीख लावा, पुन्हा अपडेट करा.

घड्याळ बरोबर असेल तर सी ड्राइव्हमध्ये जागा आहे का बघा. तीही असेल तर पूर्वी कुणीतरी 'नेट वाचवायला' अपडेटची सेवाच बंद करून ठेवली आहे का ते बघायला हवं. जुन्या मशीनवर हे बऱ्याचदा केलेलं आढळतं. अशा वेळी गूगलच्या अधिकृत साइटवरून क्रोम पुन्हा वरून टाकणं सोपं पडतं, बुकमार्क तसेच राहतात. इन्स्टॉल करताना विंडोज परवानगी विचारतं, तेव्हा प्रकाशकाच्या जागी 'गूगल एलएलसी' आहे ना हे वाचा. दुसरं नाव किंवा 'अननोन' असेल तर रद्द करा.

'अपडेट तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरच्या हातात आहे' असं आलं आणि मशीन बँकेचं, कॉलेजचं किंवा कंपनीचं असेल, तर त्यांच्या आयटी विभागाला सांगा. घरच्या मशीनवर तेच आलं तर एखाद्या भलत्या प्रोग्रॅमनं सेटिंग बदललं असण्याची शक्यता आहे. दाखवून घ्या.

अपडेट चालू असताना लाईट गेली तर?

काही होत नाही. क्रोम नवीन आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवतो, जुनी तशीच ठेवतो, आणि सगळं जागेवर आल्यावरच बदल करतो. मध्येच लाईट गेली तर जुना क्रोम उघडेल आणि पुन्हा प्रयत्न होईल. पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो म्हणून अपडेट लांबवायचं कारण नाही. विंडोजच्या मोठ्या अपडेटला मात्र यूपीएस असलेला बरा.

डेटा फार जातो काय?

नाही. जुन्या आणि नव्या आवृत्तीतला फक्त फरक उतरवायची सोय असते, त्यामुळं नेहमीचं अपडेट पूर्ण इन्स्टॉलरपेक्षा बरंच लहान असतं. एखाद्या सिनेमाच्या तुलनेत किरकोळ.

पासवर्ड आणि बुकमार्क जातात काय?

जात नाहीत.

अपडेट केल्यावर सरकारी साइट चालेना झाली. आमचे अकाउंटंट म्हणतात, जुनंच बरं होतं.

अकाउंटंट मंडळींचा राग मी समजू शकते. २० तारखेला जीएसटीची ३बी भरायची असते, डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन लावलेलं असतं, आणि नेमकं तेव्हा सही होत नाही. बहुतेक वेळा दोष ब्राउझरचा नसतो, टोकनसोबतचं सही करणारं सॉफ्टवेअर जुनं असतं. त्याची नवीन आवृत्ती टोकन देणाऱ्याच्या अधिकृत साइटवरून घ्या. आणि अपडेटची वेळ तुम्ही ठरवा: मुदतीच्या दिवशी सकाळी नको, चार दिवस आधी करा, म्हणजे अडलं तर दुरुस्तीला वेळ राहतो.

काही जुन्या साइट इंटरनेट एक्सप्लोररसाठीच बनवलेल्या असतात. तो १५ जून २०२२ ला बंद झाला. कुठून तरी शोधून तो पुन्हा चालवू नका. एजच्या सेटिंग्जमध्ये 'डिफॉल्ट ब्राउझर' या भागात इंटरनेट एक्सप्लोरर मोडची परवानगी देता येते. साइटचं पान त्या यादीत टाकलं की तेवढंच जुन्या पद्धतीनं उघडतं. ही नोंद ३० दिवसांनी आपोआप निघते, मग पुन्हा टाकावी लागते. ही सोय निदान २०२९ पर्यंत राहणार आहे.

अपडेटनंतर माझा ॲडब्लॉकर गायब झाला.

२०२४ ते २०२५ मध्ये क्रोमनं जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) टप्प्याटप्प्यानं बंद केली, त्यात लोकांचे आवडते, जाहिराती अडवणारे ॲडब्लॉकरही गेले. त्यांच्या जागी नव्या पद्धतीचे आलेत, थोडे कमी ताकदीचे. फायरफॉक्समध्ये जुने चालतात. जाहिराती नको म्हणून फायरफॉक्सकडं गेलात तर माझी काही हरकत नाही. पण जुन्या क्रोमवर अडून राहू नका. आणि वापरात नसलेली एक्स्टेन्शन काढून टाका, त्यांना तुमची सगळी पानं वाचायची परवानगी असू शकते.

चांगला अँटीव्हायरस घेतलाय. तरी लागतंच काय?

लागतं. अँटीव्हायरस बाहेरून आलेलं काहीतरी पकडायचा प्रयत्न करतो. अपडेट ते आत येण्याची वाटच बंद करतं.

ऑफिसात दहा-बारा मशीन आहेत. कोण बघणार रोज?

रोज बघायची गरज नाही. एका माणसावर जबाबदारी द्या, त्याचं नाव सगळ्यांना माहीत असू दे, आणि साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सगळी मशीन स्लीपऐवजी शटडाऊन करायची पद्धत पाडा. एवढ्यानं बहुतेक काम होतं. थोडी तांत्रिक जाण असेल तर क्रोम आणि एज या दोन्हींत ऑफिससाठी धोरण लावता येतं. आधी सूचना दिसते आणि ठरावीक मुदत संपली की ब्राउझर स्वतःच रीलाँच होतो. क्रोममध्ये ती मुदत मुळात सात दिवसांची असते, कमी करता येते.

सेवा केंद्रं, झेरॉक्सची दुकानं आणि सायबर कॅफे यांनी तर हे करायलाच हवं. तुमच्या मशीनवर अनोळखी माणूस आपलं आधार, आपली बँक विश्वासानं उघडतो. त्याला आवृत्ती क्रमांक काय कळणार?

मी नोकरीला पुण्यात, आई-बाबा कोल्हापुरात. त्यांच्या फोनचं काय करू?

पुढच्या वेळी घरी याल तेव्हा दोघांचे फोन हातात घ्या. प्ले स्टोअरचं ऑटो-अपडेट लावा, क्रोम आणि वेबव्ह्यू तपासा, 'अननोन ॲप्स' इन्स्टॉल करायची परवानगी व्हॉट्सॲपला, फाइल मॅनेजरला आणि क्रोमला दिलेली असेल तर काढून घ्या. फोनच्या सेटिंग्जमध्ये अँड्रॉइडची आवृत्ती बघा. ९ किंवा त्याखालची असेल तर दिवाळीची भेट काय घ्यायची हा प्रश्न सुटला.

आणि त्यांना सांगून ठेवा की फोनवर काहीही विचित्र आलं, अपडेट म्हणून, बिल म्हणून, चलन म्हणून, तर काही न दाबता आधी फोन करायचा. तुम्ही मीटिंगमध्ये असलात तरी तो फोन उचला.